सरावाचे फोन

१

चहाचं आधण ठेवायचं आणि फोन वाजायचा, असा त्या महिन्यात राजाजीनगरातल्या उकिडव्यांच्या घरचा नेमच होऊन गेला होता. फोन वाजला की केतकीने ओढणी सारखी करून हॉलमधल्या खुर्चीत ताठ बसायचं, रिसीव्हर उचलायचा आणि इंग्रजीत म्हणायचं, "केतकी उकिडवे बोलतेय." त्याच वेळी आतल्या खोलीत तिच्या आईने, कल्पनाने, दुसऱ्या फोनचा रिसीव्हर उचलायचा, बोलायच्या बाजूवर पदर दाबायचा आणि ऐकत राहायचं. पलीकडे केतकीचा बाप असायचा. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून, नाकात बोलत.

फोनवर कुठे ओढणी दिसते, असं केतकीने पहिल्याच दिवशी विचारून पाहिलं होतं. ताठ बसलेल्या माणसाचा आवाजही ताठ येतो, असं पद्माकरने सांगितलं. पद्माकर सरकारी विमान कारखान्यात इंजिनियर होता आणि कुठलीही वस्तू चाचणी घेतल्याशिवाय चालते यावर त्याचा विश्वास नव्हता. कुकरची नवी शिट्टीसुद्धा तो आधी नुसत्या पाण्यावर तपासून घ्यायचा. आता तर गोष्ट पोटच्या पोरीची होती.

अमेरिकेतल्या एका लहानशा कॉलेजला केतकीचा अर्ज आवडला होता. शिष्यवृत्ती द्यायची, राहण्याखाण्याचंही बघायचं, पण त्याआधी मुलीशी बोलायचं, असा त्यांचा फॅक्स कारखान्यात आला होता. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, आपल्या सकाळी आणि त्यांच्या संध्याकाळी, फोन येणार होता. "म्हणजे लांबचं स्थळ आहे, फोनवरूनच मुलगी बघणार," असं कल्पना म्हणाली होती. त्यावर बापलेक दोघंही हसले होते. ती स्वतः काही हसली नव्हती.

सरावाचा नियम एकच होता. सराव आहे असं म्हणायचं नाही. हसायचं नाही, 'बाबा' म्हणायचं नाही, कोण बोलतंय म्हणून विचारायचं नाही. फोन आला की तो खराच आहे असं समजून उत्तरं द्यायची. पहिल्या दिवशी केतकीला बापाचं ते नाकातलं इंग्रजी ऐकून हसू फुटलं, तर त्याने फोन ठेवून दिला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "कारखान्यात चाचणीच्या वेळी कोणी म्हणत नाही, हे काय खरं उड्डाण आहे का म्हणून," असं त्याने संध्याकाळी सुनावलं. पुढे त्यालाच वाटलं की पोर आपला आवाज ओळखते, तेव्हा भीड कशी मोडणार? म्हणून त्याने शेजारच्या टेबलावरच्या गुरुप्रसादला एक दिवस फोन करायला लावलं, आणि घरी जाहीर केलं की यापुढे कोण बोलेल ते सांगणार नाही. अनोळखी आवाजाची सवय झाली पाहिजे.

कल्पनाकडे चुका पकडायचं काम होतं. चहाच्या वेळी ती सांगायची, इथे अडखळलीस, तिथे तीनदा 'यू नो' म्हणालीस. तिला इंग्रजी सगळं समजायचं, बोलताना मात्र जीभ जड व्हायची. गंमत म्हणजे मराठीत तिच्या जिभेला कुणी लगाम घालू शकत नव्हतं. घरी पाहुणा आला आणि त्याने केतकीला "काय गं, कितवीला?" विचारलं, की केतकी तोंड उघडायच्या आत कल्पनाचं उत्तर देऊन झालेलं असायचं. पोर लहान होती तेव्हापासूनची ही सवय. केतकी चिडायची, पण पालथ्या घड्यावर पाणी.

आणि खरं सांगायचं तर केतकीने जाऊ नये असं तिला वाटत होतं. एकुलती एक पोर, सतरा वर्षांची, भाताला ऊत आला तरी न दिसणारी. पण हे म्हणणार कुणाला? मुलीच्या पायात पाय घालणारी आई, असं स्वतःच्या घरात कोण म्हणवून घेईल? म्हणून ती पदर दाबून चुका पकडत राहायची, आणि एखादी मोठी चूक सापडली की तिला आतून बरं वाटायचं. मग त्या बरं वाटण्याची लाजही वाटायची.

२

शेवटच्या आठवड्यातल्या मंगळवारी फोन वाजला तेव्हा वीज गेलेली होती. पंखा थांबला होता. कल्पनाने नेहमीप्रमाणे आतला रिसीव्हर उचलला.

या वेळी बाई होती. आवाज वयस्क, स्वच्छ, अजिबात घाई नसलेला. अमेरिकन म्हणावा तर नव्हता आणि आपल्याकडचाही नव्हता. पद्माकरने ऑफिसातल्या कुणा स्टेनोला पकडलं असणार, असं कल्पनाला वाटलं. बाईने नाव विचारलं, कुठले विषय आवडतात ते विचारलं, वाचतेस काय ते विचारलं. केतकी बोलत होती आणि कल्पनाला एकही चूक सापडत नव्हती.

मग बाई म्हणाली, "तू आता बसली आहेस तिथून उजव्या हाताला काय आहे?"

"खिडकी," केतकी म्हणाली.

"आणि डाव्या हाताला?"

"भिंत. कॅलेंडर आहे."

"भिंतच आहे ना? नीट बघ."

केतकीने वळून पाहिलं. मग म्हणाली, "हो. भिंतच."

"बरं," बाई म्हणाली. "उद्या बोलू."

असले प्रश्न काढायची अक्कल पद्माकरला कुठून आली, असं मनात म्हणत कल्पनाने फोन ठेवला. ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आज मागे काहीच आवाज नव्हते. ड्रॉइंग ऑफिसातून फोन आला की मागे टाइपरायटर वाजायचा, कोणी कुणाला कन्नडात हाका मारायचं, दार आपटायचं. आज बाई बोलायची थांबली की पलीकडे काही म्हणजे काही नसायचं.

संध्याकाळी कारखान्याच्या बसमधून उतरून पद्माकर घरी आला. बूट काढता काढता म्हणाला, "आज काही जमलं नाही बुवा. दिल्लीची माणसं दिवसभर बोकांडी बसली होती. उद्या डबल सराव करू."

कल्पनाच्या हातात उपम्याची कढई होती. ती तशीच राहिली.

"अहो, आला की फोन. बाईंचा."

"कुठली बाई? मी कुणाला सांगितलं नाही."

"मग गुरुप्रसादकाकांनी सांगितलं असेल," केतकी म्हणाली. तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. "मस्त घेतला त्यांनी. बाबा, तुमच्यापेक्षा कितीतरी चांगला."

"गुरुप्रसाद माझ्याच बरोबर मीटिंगमध्ये होता," पद्माकर म्हणाला. मग त्याने दुसरा बूट काढला.

३

गुरुप्रसादला दुसऱ्या दिवशी विचारलं तर त्याने कानावर हात ठेवले. "इल्ला सार," तो म्हणाला, "मी कुणाला कशाला सांगू? माझी बायको कन्नडशिवाय बोलत नाही, बहीण हुबळीला." त्या बुधवारी पद्माकरने दुपारी घरी फोन लावून पाहिला, तर लाइन व्यस्त लागली. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. कारण त्या वेळी केतकी बोलत होती.

कल्पना पदर दाबून ऐकत होती. आज बाईने अभ्यासाचं काहीच काढलं नाही.

"घरात तुला काय म्हणून हाक मारतात?"

"बाबा केतकी म्हणतात. आई केतू म्हणते."

"हाक मारली की पहिल्या हाकेला येतेस?"

केतकी हसली. "आईच्या नाही. आईच्या चौथ्या-पाचव्या हाकेला."

बाई हसली नाही. "आमच्याकडे पहिल्या हाकेला यावं लागतं," ती म्हणाली. "सगळे येतात. जमेल तुला?"

"जमेल," केतकी म्हणाली.

कल्पनाला ते बोलणं खटकलं. का खटकलं ते तिला सांगता आलं नसतं. प्रश्नात तसं काय होतं? हॉस्टेलला शिस्त असते, घंटा झाली की यावं लागतं, एवढाच अर्थ. तिने स्वतःला तसं समजावलंही. आपल्याला पोरगी जायला नको आहे, म्हणून आपल्याला साध्या बोलण्यातही काटे दिसतात.

संध्याकाळी पद्माकरने मात्र कोडं सोडवलं. तो पलंगावर मांडी घालून बसला, डोळे मिटून त्याने जरा विचार केला, आणि म्हणाला, "अगं, ही कॉलेजचीच बाई आहे."

"शनिवारी फोन आहे ना त्यांचा?"

"तो ठरलेला. हा न ठरलेला. बेसावध असताना माणूस कसा बोलतो ते बघत असतील. आपण नाही का, तपासणीसाठी मांडलेले सोडून मधलाच एक नट उचलून तपासत? तसंच. हुशार आहेत लोक."

"अहो, पण परदेशचा फोन असा येतो का? कॅनडाहून वन्सं बोलतात तेव्हा आपलाच आवाज आपल्याला परत ऐकू येतो. समुद्रावरून बोलल्यासारखं वाटतं. ही बाई शेजारच्या खोलीत असल्यासारखी बोलते."

"फायबर आलंय आता," पद्माकर म्हणाला. त्याच्याकडे कशालाही उत्तर असायचं. "केतकी, नीट उत्तरं दे हं. ती विचारेल ते. आडवळणाचं विचारलं तरी."

केतकीने मान हलवली. ती हॉलमधल्या खुर्चीवर बसली होती. दिवा न लावता, फोनकडे तोंड करून. रोज या वेळेला ती कपाट उघडून उगाच काहीतरी खात उभी असायची.

"केतू, बटाट्याचे काप खाणार का?" कल्पनाने विचारलं.

"आले," केतकी म्हणाली आणि लगेच उठून आली.

४

गुरुवारी सकाळी वरच्या मजल्यावरची घरमालकीण सत्यवतीअक्का खाली आली. कोपऱ्यावर रस्ता खणला होता, केबल तुटली होती. "नम्म फोन सत्तोगिदे, निम्मदु?" तिने विचारलं. आमचा फोन मेलाय, तुमचा? कल्पनाने रिसीव्हर उचलून कानाला लावला. आत काहीच नव्हतं, टोन नाही की खरखर नाही. तिने आतलाही उचलून पाहिला. तोही तसाच.

"अय्यो, आपलाही गेला," ती म्हणाली, आणि तिला इतकं हायसं वाटलं की तिने अक्काला बळेच बसवून कॉफी पाजली. शनिवारचं पुढचं पुढे. निदान आज तरी फोन येणार नव्हता. अक्का गेल्यावर ती केतकीला म्हणालीसुद्धा, "आज तुला सुट्टी."

"बघू," केतकी म्हणाली.

चहाचं आधण उकळायला लागलं आणि फोन वाजला.

कल्पना ओट्यापाशी उभीच राहिली. हॉलमध्ये केतकीने रिसीव्हर उचलल्याचं तिला ऐकू आलं. दुरुस्त झाला असेल, तिने स्वतःशी म्हटलं, सकाळी गेलेला फोन दुपारी येऊ नये का? तिने आत जाऊन दुसरा रिसीव्हर उचलला. घाईत पदर दाबायचं राहून गेलं.

बाई सामानाचं विचारत होती. "काय काय आणशील?"

"दोन बॅगा," केतकी म्हणाली. "लोकरीचे कपडे, पुस्तकं. आई लाडू देईल."

"काही आणायचं नसतं," बाई म्हणाली. "चपलासुद्धा नकोत. उद्या शेवटचं बोलणं. मग झालं."

"बरं."

"तुझ्या घरात कोणी तरी फार जोरात श्वास घेतंय," बाई म्हणाली.

कल्पनाने रिसीव्हर खाली ठेवला. मग हॉलमधला फोन ठेवल्याचा आवाज आला. ती धावत बाहेर गेली आणि केतकीच्या अंगावरून हात घालून तिने तो पुन्हा उचलला. फोन मेलेला होता. वर जाऊन अक्काचा बघितला, तोही मेलेलाच. रस्त्यावरचा खड्डा तसाच उघडा पडला होता आणि त्यात एकही माणूस काम करत नव्हता.

संध्याकाळी तिने पद्माकरला सगळं सांगितलं. त्याने त्यातलं अर्धंच ऐकलं. फोन बंद आहे एवढं ऐकल्यावर त्याचा चेहरा पांढरा पडला. शनिवारी कॉलेजचा फोन येणार आणि लाइन बंद! तो आल्या पावली स्कूटर काढून एक्सचेंजमध्ये गेला आणि कुणाकुणाच्या हातापाया पडून आला. शनिवारी सकाळी करून देतो म्हणाले, असं त्याने सांगितलं. मेलेला फोन वाजला कसा, याचंही त्याच्याकडे उत्तर होतं. "लूज असेल. मधूनमधून लागत असेल."

"उद्या मी उचलू देणार नाही तिला," कल्पना म्हणाली.

तेव्हा केतकी बोलली. शांतपणे, एकही 'यू नो' न म्हणता. "आई, तुला मी जायलाच नकोय ना?"

जन्मभर या पोरीची उत्तरं कल्पनाने दिली होती, आणि स्वतःचं एक उत्तर तिला देता येईना.

"मला माहितेय," केतकी म्हणाली. "माझं चुकलं की तू खूश होतेस. चहा देताना कळतं मला."

पद्माकरने बायकोकडे पाहिलं. कल्पनाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "काहीतरीच काय बोलतेस," ती कशीबशी म्हणाली. "घे हो फोन. मी कशाला आड येऊ?"

५

शुक्रवारी ती आतल्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसून राहिली. चहा ठेवलाच नव्हता. तरी फोन वाजला.

"केतकी उकिडवे बोलतेय."

"तुझी उत्तरं आम्हाला पसंत आहेत," बाई म्हणाली. "आता तुला काही विचारायचं राहिलेलं नाही. एक गोष्ट घरातल्या माणसाने सांगायची असते. तुझी आई ऐकते आहे, असं मला वाटतं."

चोरी पकडल्यासारखं झालं कल्पनाला, आणि त्या शरमेत बाकीचं सगळं जरा मागे पडलं.

"मिसेस उकिडवे," बाई म्हणाली. फार अदबीने म्हणाली. "तुम्ही तिला येऊ द्याल ना?"

नाही. एवढंच म्हणायचं होतं. इंग्रजीत काय आणि मराठीत काय, एका शब्दाचं काम. तो शब्द कितीतरी महिने तिच्या घशाशी होता. पण आता म्हटला तर उद्या पोर जन्मभर म्हणेल की माझी अमेरिका आईने घालवली. ही बाई खरंच कॉलेजची असली तर? नवरा म्हणतो तेच खरं असलं तर? आमच्या यांना विचारून सांगते, असं म्हणावं का? तेवढ्यात लाइनवर केतकीचा आवाज आला, अगदी लहान, मराठीत.

"आई, बोल ना."

"यस," कल्पना म्हणाली. "यस, यस. ऑफ कोर्स."

पाहुण्यांना म्हणते तशीच म्हणाली ती, तोंडभरून.

"आभारी आहे," बाई म्हणाली. मग जरा वेळ पलीकडे काही नव्हतं. आणि मग हाक आली.

"केतू."

ती हाक कल्पनाच्या आवाजातली होती. शेवटचा ऊ जरा वर नेऊन, स्वयंपाकघरातून मारतात तशी. कल्पनाने स्वतः तोंड उघडलं नव्हतं.

"आले," केतकी म्हणाली.

हॉलमध्ये खुर्ची सरकली. कल्पना रिसीव्हर टाकून धावली. घर ते केवढं, पलंगापासून हॉलच्या दारापर्यंत पोहोचायला असा किती वेळ लागणार? ती दारात पोहोचली तेव्हा केतकीच्या निळ्या ओढणीचं टोक तिला दिसलं. कॅलेंडर होतं त्या बाजूला, वळणावर माणूस दिसेनासं होताना मागे कपडा राहतो तसं, जमिनीपासून वीतभर वर. मग ते आत गेलं. तिथे भिंत होती. कल्पनाने दोन्ही हात त्यावर ठेवले, तर चुना थंड होता.

पुढच्या दाराला आतून कडी होती. खिडकीला गज होते. चपला दारापाशीच होत्या. टेबलावर रिसीव्हर आडवा पडला होता, आणि तिने तो कानाला लावला तेव्हा फोन मेलेला नव्हता. आत कुठेतरी फरशीवरून कोणी अनवाणी चालत होतं. ती चाल कल्पनाने ओळखली. पाय जरा घासत चालायची खोड होती पोरीला. चाल लांब लांब जात होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना, खूप मोठ्या खोलीत, पुष्कळ माणसं एकदम नीट सरसावून बसल्यासारखी सळसळ झाली.

"केतू," कल्पनाने हाक मारली. पुन्हा मारली. चौथ्या-पाचव्या हाकेपर्यंत तिला आशा होती.

६

पुढचं काय सांगायचं. पद्माकर आला, गुरुप्रसाद आला, रात्रभर तिच्या मैत्रिणींची घरं धुंडाळून झाली, बस स्टँड झाला, रेल्वे स्टेशन झालं. पोलिसांनी विचारलं, मुलीचं कुठे काही होतं का. पद्माकर त्यांच्यावर ओरडला आणि मग बाकावर बसून रडला. कल्पनाने जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं होतं. तिला पाणी प्यायला दिलं गेलं. सत्यवतीअक्काने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

शनिवारी सकाळी लाइनमन येऊन केबल जोडून गेला. बोलल्याप्रमाणे काम केलं त्या लोकांनी. पद्माकर आणि गुरुप्रसाद पुन्हा पोलीस स्टेशनला गेले होते. अक्काने खाली येऊन गॅसवर भात लावून दिला, पूजा उरकून येते म्हणून ती वर गेली, आणि फोन वाजला.

कल्पना हॉलमधल्या खुर्चीत जाऊन बसली. रिसीव्हर उचलला तशी आतून समुद्राची गाज यावी तसा आवाज आला. लांबून एक बाई बोलली. तरुण असावी. आनंदी, थोडी दमलेली. केतकी उकिडवेशी बोलता येईल का, असं तिने विचारलं. नावाचा उच्चार तिला जमला नाही, त्याबद्दल तिने माफीही मागितली.

हाच तो फोन. खरा. ज्याच्यासाठी ओढण्या सारख्या करून झाल्या होत्या.

"शी इज नॉट इन हाउस," कल्पना म्हणाली. जरा वेळाने तिचंच वाक्य तिला परत ऐकू आलं.

"ओह," तिकडची बाई म्हणाली. नंतर करू का फोन, तिने विचारलं. कल्पना कॅलेंडरच्या भिंतीकडे बघत राहिली. मग त्या बाईने चाचरत विचारलं, की तिने दुसरीकडे कुठे प्रवेश घेतला आहे का. तसं असेल तरी काही हरकत नाही, आम्हाला आनंदच आहे.

"यस," कल्पना म्हणाली.

"वा! कुठे, विचारू का?"

कल्पनाने तोंड उघडलं. या एका प्रश्नाचं उत्तर तिला माहीत नव्हतं.

"आई, तू थांब," केतकी म्हणाली. "मी बोलते त्यांच्याशी."

आवाज फोनमध्ये होता. गाजेच्या अलीकडे, अगदी कानाशी. खुर्चीतून आतली खोली सरळ दिसत होती, आणि तिथला फोन आपल्या जागेवर ठेवलेला होता. कुणी उचललेला नव्हता.

"अरे, आहे की ती!" तिकडची बाई म्हणाली. "हॅलो, केतकी!"

आणि मुलाखत झाली. सगळी झाली. कुठले विषय आवडतात, वाचतेस काय, आमच्याकडेच का यावंसं वाटलं. केतकीने सगळ्याची उत्तरं दिली, अशी सुरेख की तिकडच्या बाईला मधूनमधून हसू येत होतं. कल्पनाने दोन्ही हातांनी रिसीव्हर कानाशी धरून ठेवला होता. ती श्वास तोंडाने, सावकाश घेत होती. एका शब्दाने जरी मधे बोललं तर पोर जाईल असं तिला वाटत होतं. हे बोलणं संपू नये, त्या बाईला प्रश्न कमी पडू नयेत, एवढंच ती देवाकडे मागत होती. कधी नव्हे ते तिला चूक सापडायला नको होती, आणि सापडतही नव्हती.

प्रश्न संपलेच शेवटी. "आता तुला आम्हाला काही विचारायचं आहे?" तिकडची बाई म्हणाली.

"एकच," केतकी म्हणाली. "आईला बरोबर आणता येईल का?"

बाई मोकळेपणाने हसली. तिला हा प्रश्न फार गोड वाटला असावा. "येस," ती म्हणाली. "येस, ऑफ कोर्स. आई केव्हाही येऊ शकते."

कल्पनाला बोलायला वेळ होता. एवढ्या लांबच्या फोनवर प्रत्येक वाक्यानंतर थोडी जागा असते, त्या जागेत एक शब्द सहज बसला असता. ती बोलली नाही. केतकीने आभार मानले, बाईने शुभेच्छा दिल्या, आणि गाज बंद झाली.

रिसीव्हर खाली ठेवताना आपल्याला भीती वाटत नाही, याचं कल्पनाला नवल वाटलं. इतके महिने भीती होती ती पोर परक्या ठिकाणी एकटी राहील याची, आणि आता ती काही एकटी राहणार नव्हती. तिने गॅस बंद केला. पद्माकर उपाशी येईल म्हणून भातावर झाकण घातलं, वाटीत लोणचं काढून ठेवलं. मग हात पुसले आणि पहिल्या हाकेला उठता यावं म्हणून ती फोनजवळ येऊन बसली.